डावखुरी पेट्रोल लीडर

आमच्या घरी डाव्या हातानं करायची कामं ठरलेली होती आणि ती चारचौघांत बोलायची नव्हती. जेवणं, लिहिणं, प्रसाद घेणं, दिवा लावणं हे सगळं उजव्याचं. मी मात्र जन्माची डावखुरी. लिहिणं आणि जेवणं आईनं पट्टीचा धाक दाखवून उजवीकडे वळवलं. सुई, कात्री, चेंडू आणि दोरी मात्र डाव्याकडेच राहिली, कारण तिथवर आईचा धीर टिकला नाही.

सत्तरच्या दशकात आमच्या पेठेतल्या मुलींच्या शाळेत गाईडचं पथक होतं. मुलांच्या शाळेत स्काउट, मुलींच्या शाळेत गाईड; शिट्ट्या आणि दोरीच्या गाठी दोघांकडे सारख्याच. पथकात सात-आठ मुलींची एकेक तुकडी असे. तिला पेट्रोल म्हणायचे आणि तिच्या म्होरक्या मुलीला पेट्रोल लीडर. नववीत मी लीडर झाले, तेव्हा वडील पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "घरात रॉकेल मिळायची मारामार, आणि ही निघाली पेट्रोलची लीडर." संध्याकाळी शेजारच्या काकांना मुद्दाम हाक मारून ही बातमी त्यांनीच सांगितली.

आमच्या पथकाच्या बाई गणित शिकवायच्या आणि बोलायच्याही तशाच. थेट उत्तर, पाल्हाळ नाही. लीडरच्या खिशावर दोन पांढऱ्या पट्ट्या शिवलेल्या असतात. त्या माझ्या हातात देताना बाई म्हणाल्या, "तुझी गाठ पक्की असते. पण तू ती उलट्या हातानं मारतेस. स्वतःपुरतं ते चालेल. पण तुझ्याकडे बघून मुली काय शिकणार?"

मी पट्ट्या मुठीत घट्ट धरल्या.

"पुढच्या महिन्यात परीक्षा आहे. बाहेरच्या परीक्षक येतील. तुझ्या मुली गाठींत अडकल्या, तर या पट्ट्या दुसरीला. तोवर कच्चे टाके घाल. आणि शिकवताना उजवा हात वापर."

मी घरी जाऊन कच्चे टाके घातले आणि रात्री आईकडे पाठ करून रडले. मला त्या पट्ट्या हव्या होत्या. वर्गात मी कधी पहिली आले नव्हते, गाणं येत नव्हतं, दिसायला बेताची. दोरी तेवढी मला येत होती.

मग मी उजव्या हाताला शिकवायला बसले. टेबलाच्या पायाला दोरी बांधायची, सोडायची. पण माझा उजवा हात लग्नघरातल्या पाहुण्यासारखा, काम दिसलं की मागे सरणारा. तरी शनिवारी शाळा सुटल्यावर मैदानावर मुलींना समोर बसवून मी उजव्या हातानं शिकवू लागले. सगळ्यांत अवघड गाठ बोलाइन. विहिरीत पडलेल्या माणसाच्या कमरेला ती बांधायची. कितीही ओढली तरी फास आवळत नाही. माझ्या मुलींच्या हातात मात्र दर शनिवारी गुंताच उरायचा. आमचीच ही तऱ्हा होती असं नाही. बाकीच्या लीडरही ओरडत असायच्या, "अगं उजवा, तुझा उजवा!" आणि मुली गोंधळून आपल्याच हातांकडे बघत बसायच्या.

परीक्षा जवळ आली तेव्हा पाचवीतली एक चुणचुणीत मुलगी म्हणाली, "ताई, तू तुझ्या हातानं कर ना. उजव्या हातानं तुझंच चुकतंय, आम्ही काय शिकायचं?"

मला राग आला, कारण ती खरं बोलत होती. रागाच्या भरात दोरी डाव्या हातात घेऊन मी झरझर गाठ मारली आणि वर पाहिलं. दोघीतिघींच्या हातात बोलाइन तयार होती. मी पुन्हा सावकाश मारली. या वेळी सगळ्यांना आली.

मी त्यांच्या समोर बसले होते. त्यामुळे माझा डावा हात त्यांच्या उजव्या हातासमोर होता. उजवं कुठलं, डावं कुठलं, हा विचारच त्यांना करावा लागत नव्हता. दिसेल तसं करत गेलं की गाठ सुलट पडत होती. समोर बसून शिकवायला डावखुरं माणूस बरं, हे आजवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्याही.

परीक्षा येरवड्याच्या पुढे एका मोकळ्या मैदानावर होती. स्वारगेटहून निघालेल्या बसमध्ये बाईंनी मला बजावलं, "गाठ दाखवायची वेळ आली तर उजवा हात. परीक्षकांना नसते प्रश्न पडायला नकोत."

"हो, बाई."

माझ्या मुलींनी सगळ्या गाठी बिनचूक मारल्या. शेजारच्या पेट्रोलमधली एक मुलगी मात्र बोलाइनवर दोनदा अडली. तिची लीडर "उजवा, उजवा" करत होती आणि मुलगी रडायच्या बेताला आली होती. परीक्षक वयस्कर होत्या, आवाज चढवत नव्हत्या. त्यांनी आमच्याकडे पाहिलं. "या मुलींची लीडर कोण? तू ये. हिला शिकव, मी बघते."

बाई मागेच उभ्या होत्या. उजवा हात वापरला तर गाठ चुकणार होती. डावा वापरला तर परक्या माणसांसमोर बाईंचा शब्द मोडणार होता. दोन्हीकडून पट्ट्या जाण्याचीच लक्षणं. समोर ती मुलगी नाक पुसत बसली होती आणि तिला गाठ यायला हवी होती. मी दोरी डाव्या हातात घेतली.

"उजवं-डावं विसर," मी म्हटलं. "माझ्याकडे बघ आणि मी करते तसं कर."

तिनं गाठ मारली. मग सोडून पुन्हा मारली. परीक्षकांनी फासात पाय घालून दोरी जोरात ओढून पाहिली. फास जागचा हलला नाही.

"डावखुरी का तू?"

"हो."

"तरीच," त्या म्हणाल्या, आणि बाईंकडे वळल्या. "गाठींचा तास हिलाच देत चला."

परतीच्या बसची वाट बघत बाई माझ्याशेजारी उभ्या राहिल्या.

"मी तुला उजवा हात वापर म्हटलं होतं."

"हो, बाई."

"तू ऐकलं नाहीस."

"नाही, बाई."

बस आली. बाई नेहमीप्रमाणे दाराशी उभ्या राहून मुली मोजू लागल्या आणि मध्येच थांबल्या. "बरं केलंस," त्या म्हणाल्या. "आता तू मोज. लीडर आहेस ना?" आणि आत जाऊन खिडकीशी बसल्या.

मी दारात उभी राहून मुली मोजल्या, माझ्या आणि बाकीच्या सगळ्या पेट्रोलच्या. प्रत्येक आकडा मोठ्यानं म्हणावा लागत होता. शेवटची मुलगी चढेपर्यंत माझा आवाज कापला नाही, याचा मला आजही अभिमान वाटतो.