नरकात लागलेली नोकरी

बसस्टँडवर मला सोडायला आई एकटीच आली होती. बाकीचं गाव घरी बसून हसत होतं. एसटी हलली तशी ती खिडकीला धरून म्हणाली, "तिकडं तोंड मिटून राहा बाळा. तोंड मिटलं की भाकर मिळंल." तिला तरी काय माहीत, पुढं भाकर तोंडावरच मिळणार होती.

गावात राहिलेल्यांनो, त्या हसण्याचं कारण तुम्हाला पाठ आहे. माझ्यासारखे जे बाहेर पडले त्यांच्यासाठी सांगतो. माझी शाळा दुसरीत सुटली. शाळाच माझ्यातून सुटली म्हणा. एकेक अक्षर लावून वाचतो, पण आवाज भोंग्यासारखा, म्हणून जत्रेत कुस्त्यांचा माईक माझ्याकडं. त्या साली मानाचे पाहुणे माझे थोरले चुलते, आप्पा. त्यांनी देवळाला पत्र्याची शेड दिली होती. आता देवळात ज्यानं ज्यानं घंटा दिली, बाक दिला, पंखा दिला, त्याच्या नावाआधी फरशीवर 'कै.' कोरलेलं. गुरवाला विचारलं तर म्हणाला, कैलासवासी. पुढचं मी विचारलं नाही. म्हणलं, असंल काहीतरी भारी पदवी, 'श्री'च्या वरची. आणि माईकवर गरजलो, "कैलासवासी आप्पासाहेब यांचं मैदानात आगमन होत आहे, टाळ्या!"

टाळी एक वाजली नाही. चुलतीनं आधी मंगळसूत्र धरलं, मग आप्पांकडं बघितलं. पैलवानांनी पकड सोडली आणि पोट धरून बसले. आप्पांनी माईक हिसकावला, माझ्या कानाखाली दोन वाजवल्या आणि चालू माईकवरच बोलले, "दगडा, तुला नरकात पण कुणी कामाला ठेवणार न्हाई!"

भोंगे चार होते. चारी दिशांना गेलं.

मार विसरलो. वाक्य मात्र गाठोड्यात बांधून बंगळुरात आणलं.

इथं के. आर. पुरमला खोली मिळाली आणि एका डबिंग स्टुडिओत झाडू-चहाचं काम. पहिली काही वर्षं आईचं ऐकलं. तसंही कन्नड येत नव्हतं आणि माझं हिंदी ऐकून रिक्षावाले रस्ता विसरायचे, म्हणून तोंड मिटणं सोपं गेलं. आता 'स्वल्प' आणि 'सरी', जरासं आणि बरं, एवढ्यावर माझा संसार चालतो.

मग स्टुडिओत एक जपानी कार्टून आलं. सगळं नरकात घडतं आणि नरक म्हणजे ऑफिस. राक्षस गळ्यात आयकार्ड घालून कामाला येतात, कढईतलं तेल तापलं नाही म्हणून मीटिंग लावतात. मेलेली माणसं लाईनीत उभी. फाटकावर एक जाडा राक्षस त्यांची नावं पुकारतो. हे मराठीत करायचं होतं, आणि त्या जाड्याला आवाज मिळेना. पुण्याहून आलेल्या गार्गी मॅडम वैतागून म्हणाल्या, "मला एकदम रॉ आवाज हवाय, हे सगळे न्यूज वाचल्यासारखे बोलतायत!" तेवढ्यात मी दारातून ओरडलो, "चहा घेणार का?" काचेपलीकडनं मशीनवाले मंजू अण्णा उठूनच उभे राहिले, "सिक्किदा, मॅडम!" सापडला म्हणे.

मॅडम हेडफोनवरून कानात वाक्य बोलायच्या, मी मागून म्हणायचो. नरकात नोकरी लागली. आप्पा, ऐकताय ना?

एका ठिकाणी जपानी नाव होतं. मॅडम म्हणाल्या, "इथे आपल्याकडचं नाव टाकू. गावातलं, वजनदार. सुचतंय काही?"

मला? ते नाव किती वर्षं जिभेवर कुजत होतं. छाती भरून घेतली. "कैलासवासी आप्पासाहेब..."

"कट! अरे, नरकात आलाय ना तो? मग कैलासवासी कसा असेल?"

तोच शब्द, आणि परत चुकलो. मंजू अण्णाला अर्थ कळला नाही, पण हसायचं कळलं. मी डोळे मिटले, तो आखाडा आठवला आणि म्हणलं, "नरकवासी आप्पासाहेब, हाजीर हो! कढई नंबर चार!" भोंगे चार होते म्हणून चार.

एका दमात ओके. "सरी," अण्णा म्हणाले. ते 'सरी' मला पेढ्यासारखं लागलं.

कार्टून मोबाईलवर आलं तो रविवार होता. आईला सांगितलं, आप्पांच्या अंगणातच लाव, आवाज मोठा ठेव, सगळ्यांना बोलव. इकडं मी डोसा समोर घेऊन बसलो, तो गार झाला. खोटं कशाला बोलू, मला म्हाताऱ्याची मान खाली गेलेली पाहिजे होती. गावासमोर.

आईचा फोन आला. "समदे हसले रे. पैलवान बी. आप्पा लालबुंद झाले."

"मग?"

"मग म्हणले, परत लाव."

सात वेळा लावलं म्हणे. आता येईल त्याला धरून दाखवतात, "साऱ्या म्हाराष्ट्रात नाव गाजलं माझं. जपानवाल्यास्नी बी ठाऊक झालो." आणि निरोप धाडलाय, यंदा माईक पुतण्याच धरणार.

झालं. सूड घ्यायला गेलो आणि म्हाताऱ्याला हिरो करून बसलो. साधा राग पण मला धड काढता येत नाही.

बंगळुरात मी काहीही चुकीचं बोललो तरी कुणाला पत्ता लागत नाही. गावात माझी एक चूक शेंबड्या पोरांनाही पाठ आहे. घर म्हणजे मला आता तेवढंच कळतं, आपली फजिती जिथं आपल्याआधी जाऊन बसलेली असते. आठवण येते, त्याच बसनं राग पण येतो.

जत्रेला येतो म्हणून आईला सांगितलंय. मी माफ केलं असं कुणी समजू नका. आप्पा, फेटा बांधून पुढच्या खुर्चीत बसा. पहिलं नाव तुमचंच घेणार, आणि कैलासवासी लावूनच घेणार. तेव्हा मला अर्थ माहीत नव्हता. आता माहीत आहे.