फोटोवाल्या काकांची एक चूक

समस्त मतदार बंधू-भगिनींना, त्यांच्या पाहुण्यारावळ्यांना आणि रिकामपणी हे वाचायला घेतलेल्या सर्वांना अत्यंत गांभीर्यानं कळविण्यात येतं की, पुंडलिकनगरातल्या यच्चयावत माणसांची हनुवटी एका इसमानं धरलेली आहे. माझी धरली. माझ्या बायकोची धरली, तीही लग्नाआधी आणि माझ्या सासऱ्यांच्या समक्ष. आमच्या मुख्याध्यापकांची धरली, ज्यांच्याकडं मान वर करून बघायची आमची छाती नव्हती. दोन बोटांनी हनुवटी पकडायची, मान तसूभर डावीकडं फिरवायची आणि म्हणायचं, "हां. आता तुम्ही तुमच्यासारखे दिसता."

हे आमचे फोटोवाले काका. मूळचे दौलताबादचे. भावाच्या वाट्याला पेरूची बाग आली आणि यांच्या वाट्याला एक सेकंडहँड कॅमेरा. किल्ल्याखाली पर्यटकांचे फोटो काढता काढता ते शहरात आले आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी स्टुडिओ टाकून बसले. मागं पडद्यावर रंगवलेला धबधबा, पुढं एक स्टूल. त्या धबधब्यासमोर बसून आमच्या वसाहतीनं नोकऱ्या मिळवल्या, लग्नं जमवली, पासपोर्ट काढले.

मतदानाला फोटो पाहिजे की नको, हा वाद आजकाल टीव्हीवर चालतो. काकांनी तो चहाच्या टपरीवर तीस वर्षं चालवला. त्यांची बाजू ठरलेली. पहिल्यांदा मत द्यायला मिळणार म्हणून नवा सदरा घालून ते दौलताबादच्या शाळेत गेले होते, आणि तिथल्या माणसानं सांगितलं, तुमचं झालंय. यांनी सांगितलं, मी तर आत्ता येतोय. त्यानं यादीतली खूण दाखवली. सगळं गाव यांना ओळखत होतं आणि गावातलंच कुणीतरी यांच्या नावावर मत टाकून गेलं होतं. तो सदरा त्यांनी पुन्हा घातला नाही, असं ते म्हणत. सदऱ्याचं खरं-खोटं मला माहीत नाही. काकांच्या गोष्टीत कपडे नेहमी नवे असायचे.

टपरीवाला चाचा दुसऱ्या बाजूचा. तो किटली उंच धरून म्हणायचा, "काका, फोटू नै तो आदमी नै क्या?"

"माणूस आहे रे. पण तोच आहे कशावरून?"

यावर चाचा चहा गाळायला लागायचा, म्हणून काका जिंकले असं धरलं जायचं.

तर फोटोची ओळखपत्रं पहिल्यांदा निघाली, तेव्हा कंत्राटदारानं आमच्या भागासाठी काकांनाच बोलावलं. शाळेत शिबिर लागलं. (शहराचं नाव तेव्हा वेगळं होतं. पुढं त्याच्याही नावात दुरुस्ती झाली.) त्या दिवशी मी रांगेतच होतो, त्यामुळं पुढं सांगतो ते डोळ्यांनी पाहिलेलं आहे. फक्त काय पाहिलं, ते कळायला मला पाव शतक लागलं.

माझ्या पुढं दोन जावा होत्या, गयाबाई थोरली, सोजरबाई धाकटी. घर मेंढरं राखणाऱ्यांचं. चरायच्या माळावर बंगले उठले, मेंढरं विकली गेली, पुरुष त्याच बंगल्यांवर वाळू वाहायला लागले आणि या दोघी आमच्याकडं धुण्याभांड्याला. गयाबाई स्टुलावर बसली. कारकुनानं यादीवर बोट ठेवून विचारलं, नवऱ्याचं नाव?

आता हे काय विचारणं झालं? नवऱ्याचं नाव बाई घेईल कशी? कारकून पुन्हा ओरडला. काका कॅमेऱ्यामागून म्हणाले, मावशी, उखाण्यात घ्या, आम्ही टाळ्या वाजवतो. अख्खी रांग हसली, मीही हसलो. गयाबाईनं तोंडाला पदर लावला आणि सुटका करून घ्यायला जावेकडं बोट केलं. धाकट्या दिराचं नाव थोरलीला चालतं. म्हणाली, हिच्या मालकाचं नाव सखाराम, त्याच्याच वर-खाली आमचं असंल बघा.

कारकुनानं ऐकलं फक्त 'सखाराम'. सखारामच्या बायकोचा नंबर त्यानं पाटीवर लिहिला आणि पाटी गयाबाईच्या हातात दिली. काकांनी हनुवटी धरली, मान फिरवली, फोटो घेतला. मग सोजरबाई बसली. त्या घरातला उरलेला नंबर तिला मिळाला.

कार्डं आली. घरात वाचणारं कुणी नव्हतं. जिनं तिनं आपलं तोंड बघून आपलं कार्ड घेतलं. थोरलीच्या तोंडाखाली धाकटीचं नाव, धाकटीच्या तोंडाखाली थोरलीचं. आणि पुढं कुठल्याच निवडणुकीत काही अडलं नाही, कारण दोघी कायम बरोबर जायच्या. दोन नावं, दोन बाया, दोन शाया. हिशेब जुळायचा.

मग सोजरबाई वारली.

मी तोवर शिक्षक म्हणून आमच्या मतदारयादीचा बीएलओ झालो होतो. म्हणजे आलेल्याचं नाव घालायचं आणि गेलेल्याचं काढायचं. मृत्यूचा दाखला पाहिला, फॉर्मवर तिच्या पोराची सही घेतली, सोजरबाई सखाराम हे नाव काढून टाकलं. शेजारी अंगठ्याएवढा काळपट फोटो होता. तो मी बघितला नाही. दाखला हातात असताना फोटो कोण बघतं?

पुढच्या मतदानाला मी शाळेच्या दाराशी टेबल टाकून चिठ्ठ्या देत होतो. काका सकाळीच मत देऊन आले होते आणि घरी न जाता माझ्याशेजारी बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना बोटावरची शाई दाखवायला लावत होते. दुपार उतरताना गयाबाई आली. मी तिच्या नावाची चिठ्ठी दिली. ती आत गेली आणि पाच मिनिटांत परत आली.

"मास्तर, आत म्हनत्यात मी मेले."

मला हसू आलं. मला बहुतेक गोष्टींचं आधी हसूच येतं. काकांनी तिच्या हातातलं कार्ड घेतलं, चष्मा कपाळावर चढवला, कार्ड डोळ्यांशी नेलं. तिच्याकडं बघितलं, पुन्हा कार्डाकडं. मग खुर्चीचा हात धरून उठले.

आतला केंद्राध्यक्ष तरुण होता आणि उद्धट मुळीच नव्हता. त्यानं यादी आमच्यापुढं केली. गयाबाईच्या नावापुढं सोजरबाईचा चेहरा. गयाबाईच्या चेहऱ्यापुढं 'वगळले'चा शिक्का. मी सांगितलं, ही गयाबाई, मी हिला तीस वर्षं ओळखतो. तो म्हणाला, सर, तुमच्यावर विश्वास आहे, पण माझ्यासमोर चिठ्ठीला कार्ड जुळत नाही आणि फोटोला तोंड जुळत नाही. दुसरा कुठलाही मूळ पुरावा आणा, लगेच सोडतो.

काका पुढं झाले. म्हणाले, "चूक माझी आहे. फोटो मी काढला. मी सांगतो ना, हीच ती."

"काका, असं तोंडी सांगण्यावर सोडलं तर उद्या कुणीही कुणाचंही मत टाकेल."

हे वाक्य काकांचं होतं. तीस वर्षं चहाबरोबर आम्ही ते ऐकलं होतं.

आधार कार्ड होतं, पण मुलाकडं. मुलगा फर्दापूरला लेणीच्या पायथ्याशी हॉटेलात कामाला, रेशनच्या कामासाठी घेऊन गेलेला. फोन लावला. तो म्हणाला, निघतो. तिथून मोटरसायकलवर अडीच तास, रस्ता खणलेला असला तर तीन. घड्याळात चार वाजून गेले होते आणि मतदान सहापर्यंत.

मग काकांच्या अंगात नाटकवाला संचारला. नियम त्यांना पाठ. सहाच्या ठोक्याला रांगेत जो उभा असेल त्याला चिठ्ठी मिळते आणि त्याचं मत होईपर्यंत केंद्र चालू ठेवावं लागतं. त्यांनी गयाबाईला रांगेच्या शेवटी उभं केलं. कुणी मागं आलं की त्याला पुढं घालायचे. सहा वाजता तिला शेवटची चिठ्ठी मिळाली. पुढं अकरा माणसं. काका एकेकाच्या कानाशी जाऊन विनवू लागले, जरा सावकाश जा. एका पेन्शनर गृहस्थांनी इतक्या सावकाश सही केली की पोलीस बघायला आला. अकराची सात झाली, सातची तीन. शेवटी गयाबाई एकटी उरली. ती दाराशी उभी, काका फाटकाशी, मी मध्ये.

केंद्राध्यक्षानं पंधरा मिनिटं वाट पाहिली. ती त्यानं पाहायलाच पाहिजे होती असं नाही. मग त्यानं तिच्याकडं न बघता मशीन बंद केलं.

पोरगा सव्वासातला आला. डोक्यापासून पायापर्यंत धूळ, हातात आधार कार्ड. गयाबाईनं कार्ड घेऊन कनवटीला खोचलं आणि त्याला विचारलं, जेवलास का?

दुसऱ्या दिवसापासून काका टपरीवर वाद घालेनात. चाचाच कासावीस झाला. "काका, आज फोटू की बात नै?" एक दिवस काका म्हणाले, "फोटो पाहिजेच, चाचा. मी अजून तेच म्हणतो. पण त्या बाईला नियमानं नाही अडवलं. मी अडवलं."

त्यांनी मला तिच्या कार्डाच्या दुरुस्तीचा फॉर्म भरायला लावला. फोटो मी मोबाइलवर काढणार होतो. ते म्हणाले, नाही. बंद स्टुडिओ उघडला, धबधब्यावरची धूळ झटकली, गयाबाईला स्टुलावर बसवलं. आणि विचारलं, "मालकाचं नाव?"

ती म्हणाली, मास्तरला ठावं हाय की. मी सांगायला तोंड उघडलं, तर काकांनी हात केला. मालक जाऊन तिला दहा वर्षं झाली होती, आणि तिच्यासाठी बोलणारी जाऊही उरली नव्हती. तिनं मान वळवून मागचा धबधबा बघून घेतला. मग पदराआडून म्हणाली, धोंडीराम. लगेच दोन्ही कानांच्या पाळ्यांना हात लावले. काकांनी हनुवटी धरली नाही. होती तशीच तिची मान ठेवून फोटो घेतला.

नवं कार्ड आलं. नाव तिचं, तोंडही तिचं. मला वाटलं, आता काका निवळतील. पण त्यांनी हिशेब मांडला होता. त्या शिबिरात किती दिवस, दिवसाला किती तोंडं, त्यातली किती भलत्या नावावर. भिंग घेऊन ते दारोदार फिरू लागले. कार्ड दाखवा, जरा बघू द्या. कुणाला वाटलं पक्षाचे, कुणाला वाटलं फसवणूकवाले. नव्या इमारतीतल्या एका सूनबाईंनी साखळीआडून विचारलं, आधी तुमचं ओळखपत्र दाखवा. काकांनी खिसे चाचपले. कार्ड घरी राहिलं होतं. हे त्यांनीच मला सांगितलं, आणि सांगताना हसले. मी म्हटलं, पुरे झालं आता, उन्हाचं फिरू नका. ते म्हणाले, अजून तीन गल्ल्या राहिल्यात.

त्यातली एक झाली. दोन राहिल्या. ऐन मे महिन्यात काका गेले.

पंधरा दिवसांनी मी फॉर्म घेऊन त्यांच्या घरी गेलो, कारण ते माझं काम. भिंतीवर नुसता खिळा होता. ज्यानं सगळ्या वसाहतीचे फोटो काढले, त्याचा एक धड फोटो घरात सापडत नव्हता. मुलानं शेवटी त्यांचं मतदार कार्ड आणून माझ्यापुढं ठेवलं. खोलीत पाचसहा माणसं, दाराशी गयाबाई बसलेली. मी पेन काढलं, चष्मा लावला आणि सवयीनं कार्डावरचा नंबर उतरवून घ्यायला लागलो.

तेवढ्यात गयाबाई सगळ्यांदेखत मोठ्यानं बोलून गेली, "मास्तर, आधी तोंड बघा त्येंचं, मग नाव काढा."