फोनचं ठाऊक नाही, कंबरेचं बघू

डॉ. कुमुदताईंची आणि माझी पहिली भेट झाली ती माझ्या आईच्या कंबरेमुळे. आज त्यांच्या नेरुळच्या दवाखान्यात मी फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. तेव्हा अजून शिकत होते.

आई सारसोळ्याच्या बाजारात मासळी विकते. फोन कायम उजव्या कमरेला खोचलेला, आणि दुखायचीही नेमकी उजवीच बाजू. त्यात कुणीतरी तिला व्हिडिओ दाखवला: फोनच्या लहरींनी हाडं पोकळ होतात, स्नायू सुकतात. झालं! बाईसाहेबांनी फोन घरी तांदळाच्या डब्यात टाकला. एका संध्याकाळी बाबांच्या होडीचं इंजिन खाडीच्या तोंडाशी बंद पडलं. ते फोन करत राहिले, तो तांदळात वाजत राहिला, आणि आई जेट्टीवर रडत उभी. दुसऱ्या होडीने ओढून आणलं म्हणून निभावलं. तरीही ती फोन जवळ घ्यायला तयार होईना, तेव्हा मी तिला ताईंकडे नेलं.

"डाक्टरबाय, खरा सांगा. फोननी हाडा खाल्ली ना माजी?"

ताईंनी ते हसण्यावारी नेलं नाही. "हाडं झिजतात असा पक्का पुरावा नाही. संशोधन चालू आहे; काहीच होत नाही, असंही मी छातीठोक सांगणार नाही. फोनचं मला ठाऊक नाही, मावशी. दुखतंय मात्र खरं. कंबरेचं बघू."

मला तर रागच आला. एवढ्या मोठ्या डॉक्टर, आणि ठाऊक नाही म्हणतात?

दुसऱ्या दिवशी ताई बाजारात हजर! आईशेजारी ओल्या फरशीवर बसून त्यांनी सकाळभर तिचं काम पाहिलं. बुटक्या पाटावरून आई दर वेळी उजवीकडे वळून जड टोपली ओढायची. ताईंनी पाट उंच करवला, टोपली समोर घ्यायला लावली, व्यायाम शिकवले. "फोन कमरेला नको वाटतो ना? मग पिशवीत ठेवा. पण वाजला की उचला हो, घरचा माणूस पाण्यावर आहे." हळूहळू दुखणं उतरलं.

पेशंटची भीती खोटी पाडायची ताईंना कधीच घाई नसते, आणि नसलेलं ज्ञान मिरवायचीही नसते. मी त्यांच्याकडून हेच शिकतेय; अजून पुरतं जमत नाही.

ताईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होताहेत, हे परवा आईला सांगत होते. तेवढ्यात पिशवीतला फोन वाजला. बाबांची होडी खाडीत शिरली होती. बोलणं आटोपून आई म्हणाली, "त्यांना सांग, शंबर वर्सा जगा. तुमच्या हाडांना काय पन होनार नाय."

ताई, पक्का पुरावा याचाही नाही. पण आईने छातीठोक सांगितलंय, आणि आम्हा सगळ्यांचं मागणंही तेच आहे.