दर दार वाजवणारा सर्व्हर

“खंय आसा ता सांग. खंयतरी आसतला म्हणू नको.”

एवढं बोलून ताई हातातलं पेन हवेत धरायच्या आणि उत्तर येईपर्यंत तसंच धरून ठेवायच्या. फाईल असो, छत्री असो, नाहीतर चहावाला कुठे अडकलाय हे असो, ‘तिकडे’ हे उत्तर त्यांना चालायचं नाही.

कुडाळला स्टेशनच्या रस्त्यावर, हार्डवेअरच्या दुकानाच्या माडीवर आमचं ऑफिस. किनाऱ्यावरच्या लोकांच्या वेबसाइट आम्ही करतो. कुणाच्या राहायच्या खोल्या, कुणाचे आंबे, कुणाचे काजूगर. ताई बरीच वर्षं मुंबईत प्रोग्रामिंग करून परत आलेल्या. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. वडील भातशेती करतात, आणि मी कॉम्प्युटरवर काय करते हे गावभर अभिमानाने चुकीचं सांगतात. माझी खुर्ची ताईंच्या शेजारी होती, म्हणून हे सगळं मी जवळून पाहिलं.

एकदा बाजारात त्यांनी मासळीवालीला विचारलं, “बांगडो खंयचो?”

“दर्यातलो.”

“दर्यो मोठो आसा. खंयच्या बंदरार उतरलो?”

“गो बाये, बांगड्याक आधारकार्ड नसता. व्हयो तर घी, नायतर फुडे हो.”

ताई मोठ्याने हसल्या. बांगडे मात्र घेतले नाहीत. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ती बरोबर असतात, आणि म्हणूनच थोडी नकोशी होतात.

तोंडवलीच्या काही बायका घराला लागून असलेल्या खोल्या पर्यटकांना देतात. त्यांची साइट आमच्याकडे होती. त्यांच्या गटाच्या प्रमुख, ज्यांना सगळा गाव काकी म्हणतो, त्या एक दिवस ऑफिसात आल्या आणि उभ्यानेच बोलल्या.

“एक एजंट सगळ्यो खोल्यो वर्षाभराक मागता. झाडू आमी मारूचो, आणि पावण्यांका हो-नाय सांगणारो तो. बायकांका ता नको आसा. पण तुमची साइट इतकी हळू आसा, ती उघडीसर पावणो दुसरीकडे जाता. दिवाळेच्या आधी काय ता करा, नायतर आमी चाव्यो देतलाव त्येका.”

काकी गेल्यावर ऑफिसचे मालक म्हणाले, “मोठो सर्व्हर घेवया.”

ताई म्हणाल्या, “आधी ह्यो सर्व्हर दिवसभर खंय फिरता ता बगूया.”

त्यांनी माग काढला तेव्हा कळलं ते असं. एक पान दाखवायला स्क्रिप्ट, म्हणजे साइट चालवणारा प्रोग्राम, बऱ्याच लहान फायली बोलावते. वरची पट्टी एकीत, फोटो दुसरीत, तारखा तिसरीत. आमच्या आधीच्या माणसाने फायलींची नुसती नावं लिहिली होती आणि सर्व्हरला फोल्डरांची एक यादी देऊन ठेवली होती. तो प्रत्येक नाव घेऊन पहिल्या फोल्डरपासून शोधत जायचा. आमच्या फायली असायच्या शेवटच्या फोल्डरात. त्यातून ती फोल्डरं त्याच्या स्वतःच्या डिस्कवर नव्हती, दुसऱ्या मशीनवर होती. म्हणजे प्रत्येक दारापर्यंत जायचं तेही होडीतून.

“आमच्या वाडयेत कुरियरवालो येता ना,” ताई मालकांना म्हणाल्या, “सगळ्यांचा आडनाव एकच. दर घराच्या खळ्यात उभो रवान विचारता. सामान शेवटच्या घराचा. आणि उद्या परत पयल्या खळ्यापासून.”

“मगे मोठो सर्व्हर?”

“त्येका मोटारसायकल दिलास म्हणान वाटेवरची घरा कमी होतत काय?”

मग आम्ही दोघी बसलो. नुसत्या नावाच्या जागी मुळापासूनचा पूर्ण पाथ, फायलीचा पत्ताच, लिहायचा, म्हणजे सर्व्हर थेट त्याच दारात. एकदा सापडलेली जागा त्याने लक्षात ठेवावी, अशीही सोय ताईंनी केली. काम कंटाळवाणं होतं. ताई एकेक पाथ मोठ्याने वाचायच्या, मी तपासायची. काम झाल्यावर काकींना फोन लावला. त्यांनी साइट उघडली आणि ओरडल्या, “बोट उचलूच्या आधी फोटो इलो गो!”

आणि दसरा आला.

आमच्याकडे दसऱ्याला यंत्रांची पूजा होते. कॉम्प्युटरांना झेंडूची फुलं, कीबोर्डवर हळदकुंकू. मालकांची आणखी एक रीत होती. वडिलांच्या दुकानापासून चालत आलेली. त्या दिवशी नव्या गोष्टीवर ‘श्री’ लिहायचं. मालक ‘श्री’ आणि पुढे त्या वर्षाचा आकडा अशा नावाचं नवं फोल्डर उघडायचे आणि चालू काम सगळं त्यात हलवायचे. आजवर काही बिघडलं नव्हतं, कारण शोधणाऱ्या सर्व्हरच्या यादीत हे नवं नावही शेवटी घातलं जायचं. त्या वर्षी त्यांनी नमस्कार करून तोंडवलीची साइट त्यात हलवली. सर्व्हर थेट जुन्या जागी गेला. तिथे काहीच नव्हतं.

काकींचा फोन आला. “गो, नुसता पांढरा दिसता. आणि एजंट आज माझ्या पडवेत येवन बसलो आसा. चांगलो दिवस आसा, आजच करूया म्हणता.”

मालक ताईंना म्हणाले, “आधी हळू होती, पण होती!”

फोल्डर परत जुन्या जागी ठेवा, एवढं सांगून ताई मोकळ्या होऊ शकल्या असत्या. मी तेच म्हणाले. मालकांचा चेहरा उतरला. श्री लिहून झाल्यावर मागे फिरायचं नसतं.

ताईंनी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाल्या, “रवांदे थंयच. चूक माझी आसा. घर हलतला, ह्या मी धरूकच नाय.” फोनवर काकींना म्हणाल्या, “त्येका चाय दी. मगे परत चाय दी.”

“आणि साखर संपली तर?”

“मगे सोलकढी घाल.”

त्यांनी सगळे पाथ पुन्हा उघडले. आता मुळापासून मोजायचं नाही. फाईल जिथे उभी आहे तिथूनच पुढची वाट मोजायची, म्हणजे सगळं घर उचलून नेलं तरी आतल्या वाटा त्याच राहतात. जुने लक्षात ठेवलेले पाथ पुसले. कपाळाला हात गेल्यामुळे कीबोर्डवरचं कुंकू त्यांच्या कपाळभर झालं होतं. मी सांगितलं नाही. सांगायची ती वेळ नव्हती.

दुपारी साइट उघडली. काकींनी ती एजंटच्याच मोबाइलवर उघडून घेतली. “नेटवर्कय त्येचाच वापरलंय,” त्या आम्हाला म्हणाल्या. तो चाव्यांशिवाय गेला. त्याच संध्याकाळी काकी एसटीने कुडाळला आल्या, ताईंच्या हातात आपट्याची पानं ठेवली आणि म्हणाल्या, “सुट्टेत येवन रव. पैशे घेवचंय नाय.”

“येतंय,” ताई म्हणाल्या.

त्या गेल्या नाहीत. आईच्या आजारपणासाठी त्यांनी पुणं गाठलं आणि तिथलंच काम धरलं. अधूनमधून फोन यायचे, मग तेही कमी झाले. यात कुणाचं चुकलं असं मला वाटत नाही. माणसं अशीच जातात.

डिसेंबरच्या सुट्टीत तोंडवलीला पाय ठेवायला जागा नसते. तरी दर वर्षी त्याआधी काकींचा फोन येतो. “समुद्राकडची खोली बंद कर गो साइटीर.”

“ताईंनी कळवलंय?”

“नाय. पण कर.”

मी करते. गेल्या सुट्टीत मी स्वतः तिथे होते. एक पाहुणा काकींशी वाद घालत होता, की खोली तर रिकामी दिसते. काकींनी दार थोडं ओढून घेतलं. आत खाटेवर धुतलेली चादर घातली होती, उशाशी टॉवेल होता, आणि खिडकी दर्याच्या बाजूने उघडी होती.

“रिकामी नाय ती,” काकी त्याला म्हणाल्या. “आमचा माणूस येवचा आसा.”