दर तीन महिन्यांनी लागणारा निकाल

लातुरात निकाल म्हटलं की पोरांचे मार्क. निकाल लागला की आमच्या गल्लीच्या तोंडाशी क्लासवाले मोठमोठे बोर्ड लावतात, त्यावर ओळीनं हसरे चेहरे असतात. म्हणून मुलगी जपानहून फोनवर म्हणाली की या आठवड्यात निकाल आहे, बोलणं जमेल की नाही सांगता येत नाही, तेव्हा मी विचारलं, आता आणि कसली परीक्षा दिलीस? ती हसली. परीक्षा नाही, कंपनीचा निकाल. दर तीन महिन्यांनी कंपनीला सगळ्यांसमोर सांगावं लागतं की काय विकलं, काय कमावलं, पुढं काय करणार. ते दिवस आले की ऑफिसात कुणी मोठ्यानं बोलत नाही, म्हणाली.

तिची कंपनी बऱ्याच गोष्टी बनवायची. त्यातला एक भाग गेमच्या यंत्राचा, टीव्हीला जोडून खेळतात त्याचा. मुलगी त्या भागात होती. खेळणाऱ्याच्या हातात कंट्रोलर असतो, त्याच्या आत बारीक मोटारी असतात. खेळातला माणूस खडीवरून चालला तर हाताला खडी कळावी, पाण्यात शिरला तर पाणी कळावं, यासाठी त्या मोटारी कशा थरथरायला हव्यात हे ठरवणं तिचं काम होतं.

आम्ही मूळचे नांदेडचे. मी तिथं टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होते. मुलगी दहावी झाल्यावर तिच्या क्लाससाठी आम्ही लातूरला आलो. दोन वर्षांसाठी म्हणून आलो होतो. मी बदली मागून घेतली, तिच्या वडिलांनी इथल्या एका शाळेत नोकरी धरली. मग ती इंजिनिअरिंगला गेली, तिथून जपानला. तिचे वडील हृदयविकारानं गेले. मी निवृत्त झाले आणि दोन वर्षांसाठी आलेल्या गावात एकटी राहिले. वरच्या मजल्यावर भाडेकरू असतात. अशाच बाया, पोराला घेऊन क्लाससाठी आलेल्या, कुणी परभणीची, कुणी देगलूरची. जीव लागायला लागतो तोवर परीक्षा होते आणि टेम्पोत सामान भरून त्या निघून जातात. आमच्या गल्लीत कायमचं राहणारं माणूस फार थोडं.

मुलगी रविवारी फोन करायची. जेवलीस का, औषध घेतलंस का, पाणी आलं का. मी विचारलं की तिचं उत्तर एकच, बरं चाललंय. त्यापुढं तिचं आयुष्य मला दिसत नव्हतं. म्हणून तिनं पहिल्यांदा सांगितलेल्या त्या निकालाच्या दिवशी मी मोबाईलवर शोधलं, तर कंपनीची निकालाची बैठक कुणालाही ऐकता येते असं कळलं. जपानी माणूस बोलतो आणि त्याच्यावरून एका बाईचा आवाज इंग्रजीत सांगत जातो. आपल्याकडं ते ऐन दुपारी, स्वयंपाकाच्या वेळेला लागतं. मी कुकर चढवला आणि ओट्याशी उभी राहून ऐकलं.

पहिल्या वेळी निम्मं डोक्यावरून गेलं. पण अनोळखी माणसांचे आवाज ऐकण्यात माझी सगळी नोकरी गेली होती. पुढच्या वेळी ऐकलं, त्याच्या पुढच्या वेळीही. हळूहळू कळायला लागलं की यंत्र विकून कंपनीच्या हाती फारसं उरत नाही, कमाई गेममधून आणि दरमहाच्या वर्गणीतून होते. आतले मेमरीचे भाग महागले म्हणून यंत्राची किंमत वाढवावी लागली, आणि किंमत वाढली म्हणून लोक घ्यायचं लांबवतात. एकदा एकानं विचारलं की यंत्रांची विक्री का घटली, तर उत्तर आलं की या यंत्राचं आता वय झालंय, ज्यांना घ्यायचं होतं त्यांनी घेऊन झालंय. बाईनं ते इतक्या शांतपणे सांगितलं की मला हसू आलं. ते सांगायला घरात कुणी नव्हतं.

एका दिवाळीला मुलगी आली तेव्हा ते यंत्र घेऊन आली. माझ्या टीव्हीला जोडलं, माझ्या हातात कंट्रोलर दिला. पडद्यावर एक बाई चालत होती, ती मी होते म्हणे. बाई दगडावरून घसरली आणि हातातला कंट्रोलर जोरात थरथरला. मी तो सोडूनच दिला. लातूरची माणसं हादऱ्याला दचकतात, आणि मी तर किल्लारीच्या भूकंपाच्या दिवशी नांदेडच्या एक्स्चेंजवर बसलेली. दिवसभर लोक त्या बाजूची गावं मागत होते आणि मी लाईन नाही, लाईन नाही एवढंच म्हणत होते. मुलगी तेव्हा जन्मलीही नव्हती. मी तिला हे कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं. ती खाली बसून ऐकत राहिली. मग तिनं कंट्रोलर उचलून परत माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, आता फक्त वाळूवरून चाल.

मी चालले. तळहातांना खसखस उधळल्यासारखं लागलं.

"हे मी केलंय," ती म्हणाली. "तीन-चार जणांनी मिळून, पण वाळू माझी."

"छान हाय," मी म्हटलं. "पण ही कोरडी वाळू वाटती. नदीकाठची अशी नसती. पाय आत जातो आन् मग धरून ठेवती."

 मग डोळे मिटून तिनं कंट्रोलर स्वतःच्या हातात घेतला. नांदेडला गोदावरीच्या काठी ती लहानपणी चपला हातात घेऊन चालायची. तिला ते आठवत होतं की नाही, मी विचारलं नाही.

ती परत गेल्यावर वर्षभर आम्ही संध्याकाळी बरोबर खेळायचो. ती तिकडून, मी इकडून, कानाला हेडफोन. तिथं तोवर रात्र झालेली असायची, म्हणून थोडाच वेळ. पडद्यावर आम्ही दोघी बाया शेजारी शेजारी चालायचो. फोनवर न बोलणारी माझी मुलगी तिथं बोलायची. समोर बघत चाललं की बोलणं सोपं जात असावं. शेजारच्या खोलीतली बाई भिंतीवर टकटक करते. ऑफिसात जेवायला सगळे आपापल्या टेबलावरच बसतात. एकदा ती आजारी पडली होती आणि चार दिवस ती कुणाशी एक शब्दही बोलली नव्हती, हेही तिनं एक पूल ओलांडताना सांगितलं.  मी तिच्या मागोमाग पूल ओलांडला.

मग तिचं काम वाढलं आणि खेळ बंद पडला. फोन रविवारचाच राहिला, तोही आखूड होत गेला.

त्यानंतरच्या एका निकालाच्या दुपारी मी वरण फोडणीला टाकत होते. गेमचा भाग आला. विक्री अपेक्षेपेक्षा कमी झाली, हे नेहमीचंच. मग बाई म्हणाली की यंत्र बनवणाऱ्या विभागाची रचना आम्ही नव्यानं तपासत आहोत. त्या वाक्याआधी ती जराशी थांबली. मी गॅस बंद केला. वाईट बातमी असलेले ट्रंककॉल मी पुष्कळ जोडले होते. सांगणारा असाच थांबतो.

रविवारी मुलीचा फोन आला. काम कसं चाललंय विचारलं, तर बरं चाललंय म्हणाली. मी निकाल ऐकते हे तिला ठाऊक नव्हतं. सांगितलं असतं तर तिला वाटलं असतं मी तिच्यावर पाळत ठेवते. मी गप्प बसले. त्याच्या पुढच्या रविवारीही गप्प बसले. वरच्या परभणीच्या बाईपाशी मी मन मोकळं करायला गेले होते, पण तिच्या पोराची सराव परीक्षा होती, ती दारातच उभी राहून बोलली. मी दही विरजणाला मागायला आल्याचं सांगून खाली आले.

एका मंगळवारी सकाळी टीव्ही पुसताना मी ते यंत्र लावून पाहिलं, चालतंय की नाही एवढ्याचसाठी. त्यात आपल्या ओळखीचं कुणी खेळत असेल तर नावापुढं हिरवा ठिपका दिसतो. माझ्या ओळखीचं एकच नाव. त्याच्यापुढं ठिपका होता. जपानमध्ये ऐन ऑफिसची वेळ होती.

बुधवारीही होता. गुरुवारीही.

मी टीव्हीसमोर खुर्ची घेऊन बसायची. ती खोलीत पडदे ओढून बसली असेल का, जेवली असेल का, काहीच कळत नव्हतं. पण आहे, एवढं कळत होतं. ठिपका गेला की मी उठून कामाला लागायची. शुक्रवारी मला ते सहन होईना. बरोबर खेळायला बोलवायचं एक बटण असतं, ते दाबलं. बराच वेळ काही झालं नाही. मग पडद्यावर माझ्या बाईशेजारी तिची बाई येऊन उभी राहिली.

कानात तिचा श्वास ऐकू येत होता. आम्ही चालायला लागलो. डोंगर उतरलो, एक ओसाड गाव ओलांडलं.

"आई, तुला कसं कळलं?"

"तुमच्या कंपनीचा निकाल ऐकला. दर वेळी ऐकते."

"तुला समजतं ते?"

"समजाय लागलं."

तिची बाई थांबली. माझीही थांबवली. मग तिनं सांगितलं. ती त्या कंपनीची नव्हतीच, मधल्या एका कंपनीमार्फत कंत्राटावर होती. विभाग छोटा करायचा ठरला तेव्हा कंत्राटी माणसं आधी कमी केली. कुणी रागावलं नाही, सगळ्यांनी वाकून निरोप दिला, एकानं बिस्किटांचा डबा दिला. व्हिसाच्या मुदतीत दुसरं काम नाही मिळालं तर देश सोडावा लागणार होता.

"मला का न्हाई सांगितलंस गं?"

"तू तिथं एकटी. तुला सांगून काय, तू तिथं एकटीच काळजी करत बसली असतीस."

"ते तर मी करतच व्हते."

ती हसली की रडली, मला हेडफोनमधून कळलं नाही. लातूरला ये, असं मी म्हटलं.  ती म्हणाली, लातूरला येऊन मी काय करू, आई. त्यात राग नव्हता. खरंच विचारत होती. मी इथं काय करते हे मलाही सांगता आलं नसतं.

त्यानंतर रोज सकाळी आम्ही थोडा वेळ चालायचो. कुठं अर्ज केला, कुणी बोलावलं, कुणी नाही म्हटलं, ती सांगायची. एकदा मुलाखतीत काय बोलणार ते तिनं मला इंग्रजीत म्हणून दाखवलं. हळू बोल, शेवटचे शब्द गिळू नकोस, एवढं मी सांगू शकले. मुदत संपायच्या आत तिला जपानच्या उत्तरेकडच्या एका गावात काम मिळालं. डॉक्टरी शिकणारी मुलं खऱ्या माणसाआधी यंत्रावर सुई टोचायला शिकतात, तसलं यंत्र बनवणारी छोटी कंपनी. सुई कातडीतून आत जाताना हाताला काय जाणवतं, ते ती आता ठरवते. पगार कमी आहे, बर्फ फार पडतो. पहिल्या दिवशी ती बोलली तेव्हा तिचा आवाज मोकळा झाल्यासारखा वाटला.

कामाला लागल्यावर सकाळचं चालणं अर्थातच बंद झालं. मी ते चांगलंच मानलं. तरी काही दिवस मी झाडू मारायचं थांबवून त्या वेळेला टीव्हीसमोर बसायची. परभणीची बाई परीक्षा संपवून गेली. आता वर उदगीरची आहे, तिची मुलगी फार बोलत नाही.

गेल्या महिन्यात मुलीनं नव्या खोलीचा फोटो पाठवला. खिडकीबाहेर सगळं पांढरं, आत एक टेबल, मागं छोटा ओटा. मी बोटांनी फोटो मोठा करून ओट्यावर काय काय आहे ते बघितलं. एक पातेलं, मिठाची बरणी, चिरून ठेवलेला कांदा. कांद्याचं काय करणार आहेस, मी लिहिलं. उत्तर संध्याकाळी आलं. पिठलं केलं होतं, गाठी झाल्या, तसंच खाल्लं, असं तिनं लिहिलं होतं. पीठ आधी पाण्यात कालवून घ्यायचं असतं, मी लिहिलं, आणि माझ्यासाठी भाकरी थापायला उठले.