गरम मोटर, ओला दुपट्टा

कुडव्याला एका रिसेप्शनमध्ये मी स्टेजवर शालिकमामाच्या बोटीची मोटर चालू करून राहिलो होतो. म्हणजे तोंडानं. मिमिक्री माझा धंदा, अन् ही मोटर माझा सगळ्यात हिट आयटम. सकाळची थंड मोटर, एका झटक्यात भुर्रर्र... मग दुपारची गरम मोटर, खुक्, खुक्, फुस्स... लोक पोट धरून हसत होते अन् माझ्या खिशात फोन थरथरत होता. खाली उतरून उचलला. मामाचा पुतण्या दिलीप. "काका गेले बे," म्हणाला. "आंगनात खाटेवर बसले होते. बसल्या बसल्याच..." मागून डीजेवाला ओरडला, "भैया, एक बार और, वो मोटरवाला!" मी माईक त्याच्या हातात दिला अन् तसाच चमकीच्या कोटात नवेगावला निघालो.

मामा म्हणजे काही सख्खा मामा नाही. नवेगाव बांधला आमचं घर अन् त्याचं घर, मधात एक कुंपण. मामी जाऊन बरीच वर्षं झाली होती, लेकरू नव्हतं. तलावावर त्याची एक बोट होती अन् बोटीच्या मागं कोणाकडून तरी जुनी घेतलेली पेट्रोलची मोटर. पर्यटकांना तो पक्षी दाखवायला न्यायचा. आवाजानं पक्षी उडतात म्हणून तलावाच्या मधात जाऊन मोटर बंद करायचा. आता बंद करणं सोपं. चालू करताना ती रुसायची. रस्सी ओढून ओढून मामाचा खांदा उतरायचा, पण गरम मोटर काही बोलायची नाही. मग मामा तिचं झाकण काढायचा, गळ्यातला दुपट्टा तलावात बुडवायचा, पिळायचा अन् आई तापलेल्या पोराच्या कपाळावर पट्टी ठेवते तसा तिच्यावर ठेवायचा. "बसा," म्हणायचा. कोणी नागपूरचा साहेब घड्याळ पाहायला लागला की मामा चिडायचा. "आमच्या बापजाद्यानं टोपल्या-टोपल्यानं माती टाकून एवढा बांध बांधला, अन् तुमाले घडीभर बसवत नाई का जी?" बोटीत सोबत मी असायचोच, मग माझ्याकडे वळायचा. "काढ बे कोनाचा तरी आवाज, लोकं बोर होऊन राहिले."

माझी मिमिक्री तिथंच तयार झाली, खरं सांगतो. सरपंच, बसचा कंडक्टर, म्हशीमागं धावणारी आमची आजी, सगळे त्या बोटीत पहिल्यांदा बोलले. सगळ्यात जोरात हसायचा मामाच. ऐकलेला जोक पुन्हा ऐकून हसायचा. दुपट्टा गरम लागेनासा झाला की रस्सी ओढायचा, मोटर चालू, अन् मामाचा चेहरा जरा उतरायचा. मले तवा वाटे, थकला असन.

मोटर दाखवली नाही असं नाही. कोहमाऱ्याच्या मिस्त्रीकडे आम्ही ती तीनचाकीत टाकून नेली, एकदा नाही, कित्येकदा. पण बोटीवरून उतरवून, बांधून, हायवेनं तिथं पोचेपर्यंत ती थंडगार. मिस्त्री एक झटका मारे, भुर्रर्र! "काका, मोटर तो एकदम टनाटन है. आप ही बुढ्ढे हो गये." मामा परत येताना तीनचाकीत मोटरीला शिव्या द्यायचा. "इथं कशी शहाणी बनते पाय, रांड!" घरी आलो की पेट्रोल बदल, प्लग घास, कार्बोरेटर धू... हे सगळं पहाटे, गार हवेत. गरम मोटरीचं दुखणं आम्ही थंड मोटरीत शोधून राहिलो होतो.

अन् छातीचंही त्यानं तसंच केलं. वल्हं मारून आला की छातीच्या मधात हात दाबून बसायचा. मी मागं लागलो म्हणून दवाखान्यात गेला. लाइनीत पंख्याखाली तासभर बसला, आतून हसत आला. "काई नाई निंगालं. तिथं गेलो का दुखनंच बंद." आम्ही दोघं हसलो. मी त्याच दिवशी त्याला मिस्त्रीचा आवाज काढून दाखवला, "आप ही बुढ्ढे हो गये..."

तेरवीनंतर दिलीप म्हणाला, "ही मोटर भंगारात टाकतो. सवाऱ्या घेऊन मधात अटकलो तं कोन बसन? काका होते म्हनून लोकं बसत." मला वाटलं, मोटर गेली तर मामाचा आवाज फक्त माझ्या तोंडात राहील, अन् माझ्या तोंडाचा काय भरोसा... म्हटलं, एकदा मधातच पाहू. दोघं गेलो. मोटर तापवली, बंद केली. रुसली. तिथंच, त्या उन्हात, ठिणगी पडते का पाहायला प्लग काढून लोखंडाला टेकवला, दिलीपनं रस्सी ओढली. ठिणगी नाही. ओला दुपट्टा ठेवला, थांबलो, पुन्हा ओढली... निळी ठिणगी! पेट्रोल नाही, कार्बोरेटर नाही. ठिणगी देणारी कॉइल. तापली की मरायची, गार झाली की जिवंत. मिस्त्रीनं नवी कॉइल बसवली, आता मोटर भर दुपारी एका झटक्यात चालू होते. दिलीप खूश, मोटर वाचली.

मी रविवारी जातो अजून. मधात दिलीप मोटर बंद करतो, लोक फोटो काढतात, रस्सी ओढली की भुर्रर्र, झाले परत. कोणाला बसावं लागत नाही. माझ्या सरपंचाला, कंडक्टरला बोलायला जागाच उरली नाही.

परवा सवाऱ्या नव्हत्या. मी एकटाच बोट घेऊन मधात चक्कर मारून आलो अन् काठाजवळ मोटर बंद केली. मामाचा दुपट्टा मागच्या खुंटीला आहे अजून. भिजवला, पिळला, झाकण काढून मोटरीवर ठेवला. काठावरून दिलीप ओरडला, "कायले बे? आता गरज नाई!"

"हाव, माहीत हाये," म्हटलं.

अन् दुपट्टा गार होईपर्यंत बसलो.