हार घातलेलं मशीन

त्या कुंकवाची मला अजून किळस येते.

लहानपणीच्या सांधेतापानं माझ्या मोठ्या बहिणीच्या हृदयाची एक झडप आखडली होती. चार पायऱ्या चढली की धाप लागायची. ऑपरेशन करायचं की नाही, हे झडप किती उघडते त्यावर ठरणार होतं, आणि ते बघायचं मशीन नागपुरात नुकतंच एका इस्पितळात आलं होतं. छातीवर ठोकळा टेकवला की आतलं हृदय काचेवर हलताना दिसायचं. खेटे घालून घालून मी तिचा नंबर लावला.

नंबर आला नेमका खंडेनवमीचा. बाई, आम्ही तिला बाईच म्हणायचो, खाप्याहून एसटीनं आली. खोलीत शिरलो तर मशीनला झेंडूचा हार! काचेवर कुंकवाचं स्वस्तिक, ठोकळ्यालाही टिळा. विलायतेत शिकून आलेले मोठे डॉक्टर हात जोडून उभे.

"आज यंत्राला हात लावत नसतात, ताई. दसरा झाला की या."

"हृदयाले सुट्टी असते का हो आज?" मी म्हटलं. ऐकतो कोण! मशीनच्याच कोपऱ्यावर त्यांनी नारळ फोडला. पाणी जाळीतून आत गेलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शी!

बाईनं मात्र चप्पल काढून मशीनला नमस्कार केला. "काहून चिडून राहिली वं? देवाचंच काम करते ते." प्रसादाचं खोबरं तिनं अर्धं मला दिलं. मी ते जिन्यात थुंकले.

दसऱ्यानंतर गेलो, तर मशीन बंद. पाण्यानं आतलं काहीतरी जळलं होतं. मुंबईहून मेकॅनिक येईल तेव्हा येईल. सर्जन म्हणाले, चित्र पाहिल्याशिवाय मी चाकू लावणार नाही. त्यांचं चुकत नव्हतं, म्हणून तर माझं डोकं आणखीच फिरायचं.

बाई नागपुरातच, महाल भागातल्या माझ्या घरी राहिली. आडवं झालं की जीव गुदमरायचा, म्हणून उशांना टेकून बसल्या बसल्या झोपायची. मी बाहेरून आले की विचारायची, "झालं का वं दुरुस्त?" वसुबारसेच्या सकाळी ती उशांना टेकलेली तशीच होती, हात गार; तिनं विचारलं नाही.

दिवाळीनंतर इस्पितळाचा चपराशी सायकलवरून दारात आला. भला माणूस, चेहरा आनंदानं फुललेला.

"मशीन चालू झालं, ताई! डॉक्टरसाहेबांनी पहिला नंबर तुमचाच लावला. आणा पेशंटले."

त्याच्या हातात नव्या पूजेचे पेढे होते.